घराला जांभा की काळा दगड? बेळगाव भागात बांधणाऱ्यांसाठी

दगडी घर बांधायचं ठरवलंय पण दगड कुठला ते ठरत नाहीये, असं आपल्याकडं बऱ्याच जणांचं होतं. खानापूरकडं असाल तर जांभा म्हणजे तांबडा दगड जवळ, चिकोडी-निपाणीकडं काळा, आणि दगड जड असल्यामुळं गाडीभाड्यातच निम्मा निकाल लागतो.

जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, सरळ कापता येतो, मग हवा लागेल तसा घट्ट होत जातो. चिरे, म्हणजे त्याचे कापलेले ठोकळे, एका मापाचे मिळतात म्हणून भिंत पटापट चढते, साधा गवंडीपण लावू शकतो. पण अंगभर भोकं, पाणी पितो. कणकुंबीकडचा पाऊस बघितलेल्यांना वेगळं सांगायला नको, छपराची वळचण नीट बाहेर काढली नाही तर पश्चिमेच्या भिंतीवर शेवाळ धरणारच. आणि वरून प्लास्टरच मारणार असाल तर जांभ्याच्या नादाला लागू नका राव, भोकांत माल जातो तो जातोच, चिऱ्याची शोभापण जाते.

काळा दगड म्हणजे बेसाल्ट, लाव्हा थिजून झालेला. ओझ्याला पक्का, पाणीपण फारसं पीत नाही, पण ह्याला खरा कारागीर लागतो. जुना पाथरवट आधी हातोडी मारून आवाज ऐकतो, खणखणीत आला तर घेतो, बद वाजला म्हणजे आत चीर आहे, तो दगड बाजूला. मग ओळीनं भोकं पाडून पाचरी बसवायच्या, आळीपाळीनं एकेकीवर घाव घालत जायचं, की दगड त्या ओळीतच फुटतो. पुढं छिन्नीनं तोंड घडवायचं, सगळी मजुरी तिथंच जाते.

ह्याच काळ्या दगडातलं खिद्रापूरचं कोपेश्वराचं देऊळ बघा, शिलाहारांच्या काळातलं, स्वर्गमंडपाला ४८ खांब. आपल्या बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, १२०४ ची, रट्ट राजांचा मंत्री बिचिराजानं बांधलेली, तिच्या छतातून लोंबणारं दगडी कमळ तर बघतच राहावं. लोक तिथले फोटो मोबाईलवर दाखवून गवंड्याला म्हणतात अस्संच करा, अरे पण ते राजाच्या खजिन्यातनं झालेलं काम!

माझं मत, जोतं काळ्या दगडाचं करा आणि वर जांभा. फक्त गवंडी ठरवायच्या आधी त्यानं बांधलेलं एखादं जोतं बघून या, कोपरा ओळंब्यात म्हणजे सरळ उभा आहे का, आणि दगडाची वाकडी कड लपवायला दरजात, म्हणजे दोन दगडांमधल्या सांध्यात, बोटभर सिमेंट भरलंय का. भरलं असेल तर त्याच्याकडनं जांभ्याचीच भिंत घ्या, काळ्या दगडाला दुसरा माणूस शोधा.