बारमाही विहीर, तयार बाग आणि खाली कातळ

मध्यंतरी भाचीनं मला व्हॉट्सअॅपवर एक जाहिरात पाठवली. ‘कोकणात स्वतःची तयार बाग. समुद्रदर्शन. बारमाही विहीर.’ फोटोतल्या विहिरीच्या काठावर निळी बादली होती, तिचा एक कान तुटलेला आणि तिथं सुतळी बांधलेली. ती बादली माझी आहे. विहीरही आमच्याच जागेतली, आणि मुळात ती विहीर नाहीच. जाहिरातीत गाव मात्र दुसरं, तालुका दुसरा, कंपनीचं नावही नवंकोरं. भाचीला लगेच फोन करून थांबवलं. बाकीच्यांना कोण थांबवणार, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आम्हाला घर हवं होतं ते बागेसाठी. पुण्यातल्या गच्चीत मी जास्वंदीपासून शेवग्यापर्यंत सगळं वाढवलं, पण जायफळ कधी तगलं नाही. जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला की पानं काळवंडायची, त्यातून वाचलंच तर एप्रिलच्या कोरड्या हवेत कडेनं करपायची. मिरीचा वेल जगायचा, पण घोस धरायचा नाही. या झाडांना ऊब लागते, आणि तीही ओलसर. ती किनाऱ्यालाच मिळते. मिस्टर निवृत्त झाले तेव्हा फंडाच्या पैशातून कोकणात लहानसं घर बांधायचं आणि भोवती वाडी करायची, असं ठरलं.

पुण्यात बसून कोकण म्हणजे एकच हवा, एकच माती वाटते. प्रत्यक्षात दर वीस मैलांवर हिशेब बदलतो. दापोली आठशे फूट उंचीवर, तिथं थंडी चांगलीच जाणवते; कृषी विद्यापीठ हाताशी असलं तरी माझ्या जायफळाला ती हवा नको होती. दिवेआगर-श्रीवर्धनला माती वाळूमिश्रित, पाणी वरच, सुपारी नामांकित. पण 3 जून 2020 ला निसर्ग वादळानं तिथल्या पिढीजात वाड्या काही तासांत आडव्या केल्या, ते पाहून मिस्टरांचं मन घेईना. शिवाय किनाऱ्याला लागून म्हटलं की सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे निर्बंध, आलेच. गुहागरची आगरं समुद्र आणि रस्ता यांच्यामधल्या लांबट पट्ट्यांत, आणि ती सहसा कोणी विकत नाही. मालवण-वेंगुर्ला आम्हाला फार लांब. राहता राहिला राजापूरच्या बाजूचा सडा, आणि तिथंच तयार बागा विकणाऱ्या एका कंपनीनं आम्हाला गाठलं.

सडा म्हणजे जांभ्याचा उघडा कातळ. वर कुठं बोटभर, कुठं वीतभर माती. पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, पण तो एक तर वाहून जातो नाही तर जांभ्यातून झिरपून खाली वाडीतल्या विहिरींना लागतो. म्हणून जुनी घरं, पोफळी, केळी सगळं खाली पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाला, आणि वर सड्यावर गुरं. समुद्र मात्र वरूनच दिसतो. विकणाऱ्यांचं सगळं गणित यावर आहे. जिथून समुद्र दिसतो तिथं माती नाही, माती आहे तिथून समुद्र दिसत नाही. शहरातल्या गिऱ्हाईकाला दोन्ही हवं असतं, मग दोन्ही बनवून देतात.

कातळावर बाग होतच नाही असं नाही. देवगड-रत्नागिरीकडं लोकांनी कातळात सुरुंग लावून, बाहेरून माती आणून हापूस उभा केला आहे. पण ते काम पैशाचं आणि पहिली काही वर्षं पाणी वाहून घालण्याचं. आम्हाला विकलं ते दोन-तीन दिवसांत जेसीबीनं उभं केलेलं नाटक होतं.

जागा बघायला नेलं दसऱ्याच्या सुमारास. याच दिवसांत का नेतात ते आता कळतं. पाऊस नुकताच सरलेला, सडा हिरवागार, पऱ्याला पाणी, हवेत गारवा. पुण्याहून बस, वाटेत नाश्ता, दुपारी केळीच्या पानावर उकडीचे मोदक आणि सोलकढी. जागेवर नारळाची पुरुषभर उंचीची झाडं रांगेत, मधे हापूसची कलमं, खाली लाल माती भुसभुशीत, ठिबकच्या काळ्या नळ्या. चिऱ्याचा कठडा असलेली गोल विहीर, वर रहाट, पाणी हाताला लागेल इतकं वर. कडेला मोठी जुनी आंब्याची झाडं, त्यांच्या सावलीत खुर्च्या मांडलेल्या. दोघंतिघं ‘आधी प्लॉट घेतलेले मालक’ म्हणून भेटले. आपल्या बागेतून घरी नेलेल्या शहाळ्यांच्या गोष्टी सांगत होते. त्यांच्यातला एक जण पुढं कंपनीच्या ऑफिसात टेबलामागं बसलेला दिसला.

कागद कसे होते हे सगळे विचारतात. कागद खरे होते! सातबाऱ्यावर विकणाऱ्याचं नाव, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, इतर हक्कात बोजा नाही. फसवणूक कागद कसे बांधले त्यात होती.

तुकडेबंदी कायद्यामुळं जिरायत जमिनीचं दहा गुंठ्यांचं स्वतंत्र खरेदीखत आमच्या भागात होत नव्हतं. म्हणून चार गिऱ्हाइकं एकत्र करून एका एकराचं सामाईक खरेदीखत केलं. सातबाऱ्यावर चौघांची नावं, क्षेत्र एकत्र. ‘तुमचा प्लॉट क्रमांक तीन’ हे फक्त कंपनीच्या रंगीत नकाशात. त्या नकाशाला भूमी अभिलेख खात्यात काडीची किंमत नाही. शेतघर बांधायलाही महसूल संहितेप्रमाणं किमान 40 आर, म्हणजे साधारण एक एकर, क्षेत्र लागतं, म्हणजे चौघांना मिळून एकच घर. ‘एनए (बिगरशेती परवानगी) प्रस्तावित आहे’ असं तोंडी सांगितलं होतं. प्रस्ताव कुठं टाकला, त्याचा नंबर काय, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

आमच्या चौघांत एक ठाण्याचे गृहस्थ शेतकरी नव्हते. कूळकायद्याच्या कलम 63 प्रमाणं बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही. ‘शेतकरी दाखल्याचं आम्ही बघतो’ म्हणून एजंटानं त्यांचं नाव कुठल्यातरी लांबच्या तालुक्यातल्या परक्या सातबाऱ्यावर चढवून आणलं. तो दाखला उद्या खोटा ठरला तर कलम 84क खाली कारवाई त्यांच्यावर, पण खरेदीखत एकच असल्यानं टांगती तलवार चौघांच्या डोक्यावर.

आणि सगळ्यात हुशारीचा भाग हा की बागेचे पैसे खरेदीखतात आलेच नाहीत. जमिनीचा व्यवहार एका नावानं, ‘बागविकास व देखभाल करार’ दुसऱ्याच कंपनीशी, दुसऱ्याच खात्यात चेक. खरेदीखतात लिहिलेलं, ‘जमीन आहे त्या स्थितीत पाहून, समजून घेतली आहे.’ गावात कातळाला चालणाऱ्या भावाच्या चौपट आम्ही मोजले, आणि त्यातले निम्म्याहून जास्त त्या दुसऱ्या करारात.

मार्चअखेरीस आम्ही दोघं मुक्कामाच्या तयारीनं गेलो. नारळाची खालची पानं पिवळी पडून लोंबत होती. ठिबक कोरडं. मी एका झाडाच्या बुंध्याशी खुरप्यानं उकरायला लागले, तर चार बोटांवर काळं प्लॅस्टिक लागलं. रोपवाटिकेतली मोठी पिशवी, झाड पिशवीसकट पुरलेलं. पिशवी फाडली तर आत मुळं चकलीसारखी गोल गोल गुंडाळलेली, बाहेर एक तंतूही गेला नव्हता. पिशवीखाली मिस्टरांनी पहार मारली, ठण्ण आवाज आला आणि हाताला झिणझिण्या. सगळीकडं तेच. दीड-दोन फूट बाहेरून आणून पसरलेली माती, खाली अखंड कातळ.

मग झाडं मोजली. नारळ साडेसात मीटर अंतरानं लावतात, म्हणजे दहा गुंठ्यांत अठराच्या आसपास बसतात. आमच्या वाट्याला चाळीस होते, शिवाय आंबे. दाट दिसावं म्हणून कोंबलेले. जगवायचे असते तर कोणी इतके लावले नसते.

विहिरीत तर हात-दोन हात गढूळ पाणी उरलं होतं. पाणी खाली गेल्यावर आतली बाजू उघडी पडली, तिला तळापासून सिमेंटचा गुळगुळीत गिलावा. ज्या भिंतीतून पाणी पाझरून यायचं तिला कोणी गिलावा करतं का? खालच्या वाडीतली एक म्हातारी गुरं घेऊन वर आली होती, ती हसायलाच लागली. ‘इहीर कसली, टाकी हाय ती. तुमची गाडी यायची आसली की आदल्या रातीला टँकर चढायचे.’ दहा फूट व्यास, बारा फूट खोल, म्हणजे साधारण 27 हजार लिटर. माझं आयुष्य बँकेत गेलेलं, हिशेब आपोआप होतो: नारळाला उन्हाळ्यात रोज चाळीसेक लिटर धरलं तर चौघांची मिळून दीडशेच्या वर झाडं ही टाकी चार दिवसांत संपवतात.

पुढं सरकारी मोजणीचे पैसे भरले. मोजणीदार आले, खुणा घातल्या. ज्या आंब्यांच्या सावलीत आम्ही मोदक खाल्ले ती झाडं शेजारच्या हिश्शात निघाली. शेजाऱ्याला त्या खुर्च्यांबद्दल काही माहीतच नव्हतं, तो बिचारा मुंबईला असतो. येण्याचा रस्ताही तिसऱ्याच्याच हिश्शातून, सातबाऱ्यावर त्याची नोंद नाही. तिथं आता त्यानं दगडांचा गडगा घातला आहे आणि आम्ही तो ओलांडून जातो.

पोलिसांनी ‘ही दिवाणी बाब आहे’ म्हणून अर्ज ठेवून घेतला. गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या महारेराकडं गेलो तर प्रकल्पाची नोंदणीच नव्हती. शेतजमीन म्हणून विकल्यानं ते सगळं बाजूलाच ठेवलेलं. नुसती जमीन विकणं ही ‘सेवा’ धरली जात नाही, त्यामुळं ग्राहक आयोगातही काही होणार नाही असं दोन वकील म्हणाले. तिसऱ्या वकीलबाईंनी बागविकासाचा करार शांतपणे वाचला आणि म्हणाल्या, हाच धरायचा. जमीन विकसित करून देण्याचं आश्वासन दिलं आणि त्याचे पैसे घेतले, म्हणजे सेवा आली. ज्या कागदानं त्यांनी हात झटकले त्याच कागदावर आमची तक्रार उभी आहे. 2019 च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, म्हणून ती पुण्यात चालते. राजापूरला खेपा नाहीत. मोबदला पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच. मुदत मात्र दोन वर्षांची, कारण घडल्यापासून. आमच्यातले एक जण ‘बघू, बोलणी चालू आहेत’ करत बसले आणि त्यांची मुदत टळली. बोलणी हे लोक त्यासाठीच चालू ठेवतात.

आता मला विचारायला येणाऱ्यांना मी एवढंच सांगते की दसऱ्याला नाही, मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात जा, आणि कंपनीच्या बसनं जाऊ नका. एसटीनं उतरून वाडीत विचारा, तुमच्याकडं टँकर येतो का. दरवर्षी जिल्ह्याचा टंचाई आराखडा होतो, त्यात वाडीवार नावं असतात. पंचायत समितीत विचारलं तर कळतं. गाडीत पहार ठेवा आणि ते दाखवतील तिथं नव्हे, तुम्हाला वाटेल तिथं चार ठिकाणी टोचा. नारळाला मीटरभर तरी माती हवी. एखादं झाड उकरून बघू द्या म्हणा. खऱ्या बागायतदाराला त्याचं काही वाटत नाही, तो स्वतः खुरपं आणून देतो. आमच्या त्या माणसानं ‘मॅडम, मुळं दुखावतील’ म्हटलं होतं. आणि मोजणी खरेदीआधी, विकणाऱ्याच्या अर्जानं आणि तुमच्या डोळ्यांसमोर. चार जणांच्या सामाईक खरेदीत नाव घालायला कोणी सांगितलं तर त्या तिघांच्या दाखल्यांची चौकशी तुमची तुम्ही करा.

ज्यांनी आधीच घेतलं आहे त्यांनी जाहिरातीचा कागद, बसचं निमंत्रण, एजंटाचे मेसेज, चेकची नोंद काही म्हणजे काही पुसू नका. आमच्या प्रकरणात ‘बारमाही विहीर’ छापलेलं चार पानी पत्रकच कामाला आलं, ते मी रद्दीच्या गठ्ठ्यातून बाहेर काढलं. शक्य असेल तर उन्हाळ्यात तारीख दिसेल असे विहिरीचे फोटो काढा, गावातल्या कोणाला तरी पंचनाम्यासारखी सही करायला सांगा. आमच्यासाठी त्या म्हातारीचा मुलगा सही करायला तयार झाला. टँकर भरताना त्यालाच रात्रीची मजुरी मिळायची.

कंपनीचं नाव इथं देत नाही, प्रकरण आयोगापुढं आहे. नाव देऊन उपयोगही नाही, ते बदलतं. नारळ बहुतेक गेले. कातळात दोन खड्डे ब्रेकरनं फोडून, खालून माती आणून मिस्टरांनी काजूची दोन कलमं लावली आहेत, वेंगुर्ला-चार. जायफळ अजून गच्चीतल्या कुंडीतच आहे.