कार्बोरेटर क्लीनर स्प्रे: थंड असताना मिसिंग मारणाऱ्या जुन्या गाडीला कितपत कामाचा?

गाडी किकवर चालू होते, चोक सोडला की बंद पडते, पहिले दोन-तीन किलोमीटर धक्के देत जाते आणि इंजिन तापलं की एकदम सुरळीत. स्प्लेंडर असो, जुनी पल्सर असो की कास्ट आयर्न बुलेट, ही तक्रार घेऊन स्पेअर पार्टच्या दुकानात गेलात तर काउंटरवर पहिला येतो तो कार्बोरेटर (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) क्लीनरचा कॅन. ४००-५०० मिली, साधारण तीन-चारशे रुपये. वस्तू चांगली आहे, पण बहुतेक जण ती जशी वापरतात तशी वापरली तर पैसे सायलेन्सरमधून गेले समजा.

एअर फिल्टरचा पाइप काढायचा, इंजिन चालू ठेवून कार्बोरेटरच्या तोंडात फवारा मारायचा, रेस करायची, पांढरा धूर निघाला की 'साफ झालं'. यात साफ होतं ते फक्त स्लाइडचं (रेस दिली की वर सरकणारा दट्ट्या) तोंड आणि आजूबाजूची भिंत. थंड गाडीचा दोष बहुधा तिथे नसतोच, तो असतो पायलट जेटमध्ये, म्हणजे मंद चालीला पेट्रोल सोडणाऱ्या बारीक जेटमध्ये. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक, आणि त्याला पेट्रोल मिळतं खालच्या बाउलमधून (पेट्रोल साठणारी वाटी). वरून मारलेला फवारा तिकडे न जाता सरळ इंजिनात जातो.

थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, बरंचसं इनटेकच्या भिंतीला चिकटून राहतं. म्हणून मिक्श्चर (हवा-पेट्रोलचं मिश्रण) जास्त रिच, म्हणजे जास्त पेट्रोलचं, लागतं. पायलट जेट अर्धवट बुजलेला असेल तर मिक्श्चर आधीच लीन (पेट्रोल कमी), त्यात थंडी; गाडी मिसिंग मारणारच. तापल्यावर वाफ चांगली होते आणि तेच लीन मिक्श्चर इंजिन चालवून घेतं. दोष गेलेला नसतो, फक्त झाकला जातो. ई-२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलने यात भरच घातली आहे: इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने जुन्या जेटिंगवर (जेटच्या मापावर) गाडी आणखी थोडी लीन चालते, शिवाय इथेनॉलची वाफ व्हायला उष्णताही जास्त लागते.

कॅन विकत घेण्याआधी फुकटची एक चाचणी करा. थंड गाडी अर्ध्या चोकवर छान चालत असेल तर मिक्श्चर लीन आहे, स्प्रेचा उपयोग होऊ शकतो. चोक दिल्यावर उलट जास्त घुसमटत असेल, प्लग काळाकुट्ट निघत असेल, तर गाडी रिच आहे: एअर फिल्टर, फ्लोटची (बाउलमधल्या तरंगत्या भागाची) उंची, गळणारी फ्लोट निडल (बाउलमध्ये येणारं पेट्रोल थांबवणारी सुई) बघा. आणि प्लग, प्लग कॅप, टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) आधी बघा. जुन्या १०० सीसी हिरो होंडाला टॅपेट गॅप ०.०५ मिमी, इंजिन पूर्ण थंड असताना. प्लगचा गॅप ०.६ ते ०.७ मिमी. टॅपेट घट्ट असतील तर कॉम्प्रेशन गळतं आणि जगातला कुठलाही स्प्रे आयडलिंग (रेस न देता इंजिन चालणं) सुधारणार नाही. हिवाळ्यात नाशिककडच्या पहाटे मिनिट-दोन मिनिटं चोक लागणं हा मात्र दोष नाही, त्यासाठी काही विकत घेऊ नका.

आता योग्य वापर. पेट्रोल कॉक बंद. बाउलचा ड्रेन स्क्रू सोडून पेट्रोल पारदर्शक बाटलीत घ्या आणि पाच मिनिटं ठेवा. तळाशी वेगळे थेंब लोळताना दिसले तर ते पाणी. अशा वेळी टाकीही रिकामी करावी लागेल, नाहीतर आठवड्यात पुन्हा तेच. कार्बोरेटर काढून बाउल उघडा. फ्लोट, फ्लोट निडल, ओ-रिंग, सगळं रबर आधी बाजूला. हे टाळू नका: क्लीनर लागला की बाउलची ओ-रिंग फुगते, खाचेबाहेर लोंबते आणि झाकण बसत नाही. रात्रभर वाळवली तर कधी जागेवर येते, कधी नाही. युनिकॉर्नसारख्या सीव्ही (स्लाइड व्हॅक्यूमने उचलली जाणाऱ्या) कार्बोरेटरमधल्या रबरी डायफ्रामवर तर थेंबही जाऊ देऊ नका.

मिक्श्चर स्क्रू काढण्याआधी हलकेच आत टेकवून किती फेरे झाले ते लिहून ठेवा. पायलट जेट काढून उजेडासमोर धरा; भोक स्वच्छ गोल दिसलं पाहिजे. काही कार्बोरेटरमध्ये हा जेट दाबून बसवलेला असतो. स्क्रूड्रायव्हरची खाच दिसत नसेल तर पक्कड लावू नका, जागेवरच साफ करा. मग कॅनची लाल नळी जेटच्या छिद्रात घट्ट टेकवून फवारा मारा, दुसरीकडे कार्बोरेटरच्या घशात (हवेच्या मार्गात) बघा: स्लाइडच्या इंजिनकडच्या बाजूला, तळाशी, बारीक भोकातून सरळ धार आली पाहिजे. थेंब थेंब आली तर दहा मिनिटं मुरू द्या, पुन्हा मारा, शेवटी कॉम्प्रेसरची हवा. डोळ्यांना गॉगल हवाच, कारण बुजलेल्या मार्गातून फवारा उलटा तोंडावर येतो.

कॅनची मर्यादा इथेच कळते. जुन्या पेट्रोलचा पिवळा-तपकिरी चिकट थर तो झटक्यात विरघळवतो. पाण्यामुळे ॲल्युमिनियमवर धरलेली पांढरी पावडर किंवा जेटवरचा हिरवट गंज त्याला अजिबात जुमानत नाही. तिथे वायरमधला तांब्याचा एक बारीक तंतू चालतो, स्टीलची तार किंवा सुई नको. भोक किंचित मोठं झालं की जेट गेला. फारच खाल्लेला असेल तर अल्ट्रासॉनिक सफाई करून घ्या किंवा जेट बदला, पण कंपनीचाच. स्वस्त रिपेअर किटमधल्या जेटवर नंबर असतो, माप तेवढंच असेल याचा भरवसा नसतो.

कॅनचा दुसरा उपयोग आम्हाला तर पहिल्याहून मोलाचा वाटतो: हवेची गळती शोधणं. कार्बोरेटर आणि हेडमधला रबरी मॅनिफोल्ड किंवा इन्सुलेटर जुना झाला की बारीक तडकतो, हवा आत ओढतो, आणि लक्षणं हुबेहूब बुजलेल्या जेटसारखी. एअर फिल्टरचा डबा नीट बंद ठेवा, नाहीतर वाफ तिकडून आत जाऊन फसवेल. थंड गाडी आयडलवर ठेवून जोडावर अगदी छोटा फवारा मारा. इंजिनचा आवाज बदलला की गळती तिथेच. हे नुकत्याच चालू केलेल्या गाडीवरच करायचं. सायलेन्सर तापलेला असेल किंवा प्लग कॅपमधून ठिणगी बाहेर उडत असेल तर आग लागू शकते.

जोडणी झाल्यावर स्क्रू लिहिलेल्या फेऱ्यांवर आणा आणि गाडी पूर्ण तापवून मगच शेवटचं ट्यूनिंग करा. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर आत फिरवल्यावर रिच होतं, इंजिनच्या बाजूला असेल तर बाहेर फिरवल्यावर. हे उलटं करून बसणारे मेकॅनिक कमी नाहीत.

एका सिंगल कार्बोरेटरला पूर्ण कॅन लागत नाही. रंगाच्या दुकानातला एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगाचा) थिनरही तो चिकट थर काढतो, कारण सॉल्व्हंट साधारण त्याच घराण्यातली. फक्त नळीतला दाब मिळत नाही, आणि कॅनचे खरे पैसे त्या दाबाचेच आहेत. ब्रँडवरून वाद घालण्यात अर्थ नाही. नळी सोबत आहे ना आणि कॅनवर 'नॉन-क्लोरिनेटेड' लिहिलंय ना, एवढं बघा. क्लोरीनवालं सॉल्व्हंट इंजिनात जळलं की विषारी वायू होतो. टाकीच्या रंगावर थेंब पडला तर लगेच पुसा, रंग उठतो.