कॅनेडियन सैनिकाचे लोकरी जाकीट: वर्णन चुकले, वस्त्र खरे निघाले

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस मी परदेशातील एका विक्रेत्याकडून दुसऱ्या महायुद्धातील कॅनेडियन सैन्याचे एक ‘बॅटलड्रेस’, म्हणजे लढाईच्या गणवेशातील, जाकीट मागवले. जकात आणि टपालखर्च धरून ते पन्नास हजारांच्या आत पडले. निवृत्त इतिहास-शिक्षकाला ही रक्कम लहान नाही, परंतु माझ्या आजोबांचे थोरले बंधू आठव्या भारतीय डिव्हिजनमधून इटलीत लढले होते आणि त्यांच्या शेजारच्या आघाडीवर कॅनेडियन सैनिक होते, हे लहानपणापासून ऐकत आलो होतो. धुळ्यातील आमच्या छोट्या प्रदर्शनात त्या शेजाऱ्यांचे एक तरी वस्त्र असावे, अशी फार दिवसांची इच्छा होती.

प्रथम कापडाविषयी. हे जाकीट कमरेपर्यंतच येते. कमरेला रुंद पट्टा व बक्कल, छातीवर दोन मोठे खिसे आणि अंगाला टोचणारे जाड लोकरी सर्ज. आपल्याकडच्या धनगरी घोंगडीची ज्यांना सवय आहे, त्यांना या कापडाचे वजन हातात घेताच कळेल. ब्रिटिश जाकिटाचा रंग मातकट तपकिरी असतो. कॅनडात विणलेल्या सर्जला मात्र स्पष्ट हिरवट झाक असते, आणि दोन्ही जाकिटे दिवसाच्या उजेडात शेजारी ठेवली तर हा फरक नवख्यालाही दिसतो. दुसरी खूण बटणांची आहे. युद्धकाळातील काटकसर म्हणून ब्रिटनने पुढे बटणांवरची झाकणपट्टी काढून टाकली, तर कॅनडाने ती अखेरपर्यंत कायम ठेवली. गळपट्टी बंद करण्यासाठी वापरलेली चपटी धातूची कडी हीदेखील खास कॅनेडियन आहे. आतल्या बाजूला कारखान्याचे नाव, माप आणि १९४४ हे वर्ष असलेली पांढरी चिठ्ठी शाबूत आहे, आणि तिच्याजवळ इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या पोटात बाणाचे टोक असा कॅनेडियन सरकारी मालमत्तेचा शिक्का आहे. जाकीट अस्सल असल्याविषयी माझ्या मनात शंका उरली नाही.

शंका आली ती विक्रेत्याच्या वर्णनाविषयी. ‘सिसिलीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या सैनिकाचे जाकीट’ असे त्याने ठामपणे लिहिले होते. पहिली कॅनेडियन डिव्हिजन सिसिलीत उतरली ती १० जुलै १९४३ रोजी. १९४४ साली शिवलेले जाकीट त्या दिवशी कोणाच्याही अंगावर असणे शक्य नाही. शिवाय ऐन उन्हाळ्यात उतरलेल्या त्या सैनिकांच्या अंगावर सुती खाकी सदरे आणि अर्ध्या विजारी होत्या. लोकरीचे सर्ज नव्हते. विक्रेत्याने चिठ्ठीचे छायाचित्र स्वतःच दिले होते आणि तरीही हे वर्णन लिहिले, याचे मला वाईट वाटले.

हे वर्णन त्याने कशावरून रचले असावे, ते बाह्यांवरून समजते. दोन्ही बाह्यांवर, खांद्याच्या थोडे खाली, तीन इंच रुंद आणि दोन इंच उंच असा तांबडा आयत शिवलेला आहे. त्यावर चित्र नाही. ही पहिल्या कॅनेडियन डिव्हिजनची खूण. रंगीत आयताची ही पद्धत पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, कॅनेडियन फौजेत आली आणि दुसऱ्या महायुद्धात तेच रंग पुन्हा वापरले गेले: दुसऱ्या डिव्हिजनला गडद निळा, तिसरीला राखाडी, चौथीला हिरवा आणि पाचवीला किरमिजी. फ्रान्समधील दिएपच्या किनाऱ्यावर १९ ऑगस्ट १९४२ रोजी जी दुर्दैवी चढाई झाली ती निळ्या पट्टीच्या डिव्हिजनची. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या जुनो किनाऱ्यावर उतरली ती राखाडी पट्टीची. कोरच्या, म्हणजे अनेक डिव्हिजनांच्या एकत्रित दलाच्या, मुख्यालयाच्या खुणा आयताकृती नसून पत्त्यांतील चौकटच्या आकाराच्या होत्या. एवढी सोपी आणि लांबून ओळखू येणारी चिन्हव्यवस्था मला इतर कोणत्याही सैन्याच्या चिन्हांपेक्षा अधिक सुंदर वाटते. पण हाच साधेपणा संग्राहकाला महाग पडतो, कारण तांबड्या लोकरीचा तुकडा कापून शिवायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

म्हणून मी दोन चाचण्या केल्या. आमच्या पेठेतील एका सराफांकडून नोटा तपासण्याचा जांभळा दिवा मागून आणला आणि अंधाऱ्या खोलीत दोन्ही बाह्यांवर धरला. डाव्या बाहीवरील पट्टी आणि तिचा दोरा काळसर राहिला. उजव्या बाहीवरील दोरा मात्र निळसर पांढरा चमकला. धाग्याला अशी चमक देणारी रसायने युद्धानंतरच सर्रास वापरात आली. त्यानंतर जाकीट आमच्या जुन्या टेलर मास्तरांकडे नेले. त्यांना मी काहीच सांगितले नव्हते. भिंग न लावता त्यांनी उजवी बाही उलटी केली आणि म्हणाले, “हाऊ दोरा नवा शे, सर.” डाव्या बाहीवरील टाके हातचे, असमान आणि कापडात रुतलेले आहेत, आणि पट्टीखालचे सर्ज भोवतालच्या कापडापेक्षा गडद राहिले आहे, हेही त्यांनीच दाखवले. डावी पट्टी मूळची, उजवी नंतरची.

खांद्यांवर कमानदार नामपट्ट्यांच्या टाक्यांच्या खुणा आहेत, पट्ट्या मात्र नाहीत. त्यामुळे पलटण कोणती, हे कळत नाही. बाहीवर हुद्द्याच्या दोन फिती आहेत, म्हणजे हा पायदळात असल्यास कॉर्पोरल आणि तोफखान्यात असल्यास बॉम्बार्डियर. नामपट्टीअभावी हुद्द्याचे नावही ठरवता येत नाही.

खरा ठेवा डाव्या खिशाच्या वर आहे. तेथे पदकांच्या चार फितींची एक ओळ आहे, आणि वर्णनात तिचा उल्लेख केवळ ‘फिती आहेत’ एवढाच होता. पहिली ‘१९३९–४५ स्टार’ या पदकाची. दुसरी तांबडी-पांढरी-हिरवी, म्हणजे इटली स्टारची. तिसरी निळी-पांढरी-तांबडी, फ्रान्स अँड जर्मनी स्टारची. आणि चौथी कॅनेडियन व्हॉलंटिअर सर्व्हिस मेडलची, जिच्या मध्ये निळा, त्याच्या दोन्ही बाजूंना तांबडा आणि कडांना हिरवा रंग असतो. या चौथ्या फितीवर मॅपलचे चिमुकले रुपेरी पान आहे. ते परदेशी सेवा केलेल्यालाच मिळे. कॅनडात १९४० च्या कायद्याने सक्तीने भरती केलेल्यांना आरंभी केवळ देशाच्या रक्षणासाठी ठेवले जाई आणि त्यांना समुद्रापार पाठवण्याचा निर्णय थेट नोव्हेंबर १९४४ मध्ये झाला, हे लक्षात घेतले की स्वेच्छेने गेलेल्या माणसाच्या छातीवरील त्या पानाचे मोल कळते. इटली आणि फ्रान्स अँड जर्मनी हे दोन्ही स्टार मे १९४५ मध्ये स्थापन झाले, म्हणजे ही ओळ युद्ध संपल्यानंतर शिवलेली आहे. आणि दोन्ही फिती एकत्र असणे इतिहासाशी तंतोतंत जुळते, कारण १९४५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘गोल्डफ्लेक’ या गुप्त नावाच्या मोहिमेत कॅनेडियन कोर इटलीतून काढून वायव्य युरोपात नेण्यात आली होती.

डिसेंबर १९४३ मध्ये एड्रियाटिक किनाऱ्यावर हीच तांबड्या पट्टीची डिव्हिजन ऑर्तोना शहरात घराघरांतून लढत होती आणि तिच्या शेजारी आमची आठवी भारतीय डिव्हिजन होती. तेथील मोरो नदीवर भारतीय सॅपर्सनी, म्हणजे लष्करी अभियंत्यांनी, बांधलेल्या पुलाला ‘इम्पॉसिबल ब्रिज’ असे नाव पडले. पुढे मे १९४४ मध्ये गारी नदी ओलांडताना भारतीय पायदळाच्या साहाय्याला आलेले रणगाडेही कॅनेडियनच होते. आमच्या आजोबांच्या बंधूंनी पाहिलेली तांबडी पट्टी मी हातात धरली होती.

सेवेविषयी थोडक्यात. बांधणी उत्तम होती, आम्लरहित कागद घातला होता, आणि पार्सल सतराव्या दिवशी पोचले. उजव्या पट्टीची छायाचित्रे पाठवल्यावर विक्रेत्याने वाद न घालता किमतीचा काही भाग परत केला. सिसिलीचे वर्णन मात्र मी तीनदा लिहूनही त्याने दुरुस्त केलेले नाही. ज्यांना अशी खरेदी करायची असेल त्यांनी चिठ्ठी, फिती आणि बाहीची आतील बाजू यांची छायाचित्रे पैसे देण्यापूर्वीच मागून घ्यावीत. आपल्याकडच्या उन्हाळ्यात लोकर कोरडी पडते आणि पावसाळ्यात तिला कसर लागते. मी जाकीट सुती चादरीत गुंडाळून, टांगून न ठेवता, पेटीत आडवे ठेवले आहे आणि चादरीबाहेर कडुलिंबाचा वाळलेला पाला पसरला आहे.

प्रदर्शनातील फलकावर आता असे लिहिले आहे: ‘कॅनेडियन सैन्य, पहिली डिव्हिजन. जाकीट १९४४. इटली आणि वायव्य युरोप. उजव्या बाहीवरील पट्टी नंतरची.’