ऑफिसातली शॉवररूम: पाणी गरम, टॉवेल ओलाच

सायकलवरून कामाला येणाऱ्यांसाठी ऑफिसं जी सोय करतात ती बहुतेक ठिकाणी एकाच साच्यातली असते. पार्किंगच्या कोपऱ्यात दोन शॉवर, प्रत्येकाला २५ लिटरचा गिझर, डझनभर लॉकर, एक बाक, भिंतीत एक एक्झॉस्ट फॅन. हे परीक्षण या नेहमीच्या संचाचं आहे. दहापैकी पाच गुण, आणि त्यातले चार नुसत्या पाण्याचे. बाकीचा घोळ सगळा नळ बंद केल्यानंतर सुरू होतो.

आधी पाणी. टाकीत ६० अंशांचं पाणी आणि नळाला २० अंशांचं असेल, तर अंगावर घ्यायचं ४० अंशांचं पाणी निम्मं-निम्मं मिसळून होतं. म्हणजे २५ लिटरच्या गिझरमधून कागदावर ५० लिटर. प्रत्यक्षात थोडं कमी, कारण गरम पाणी काढताना खालून गार पाणी आत येतच असतं. मिनिटाला ८ लिटर सोडणाऱ्या शॉवरखाली ही जेमतेम सहा मिनिटं. एका माणसाला पुरतं. मग २ किलोवॅटच्या कॉइलला टाकी पुन्हा ६० अंशांवर न्यायला साधारण ३५ मिनिटं लागतात, आणि रांगेतला पुढचा माणूस तोवर थांबत नाही. उन्हाळ्यात ही खोट कळत नाही, सायकल चालवून आल्यावर गार पाणीच हवं असतं. पावसात भिजून आलेल्याला मात्र कळते. जागा वाचवायला ३ किलोवॅटचा इन्स्टंट गिझर लावणं हा उपाय नाही: पाणी २० अंशांनी तापवायचं तर त्यातून मिनिटाला २ लिटरच्या आसपास मिळतं. ती धार झाली, शॉवर नव्हे.

वीज वाचवायला थर्मोस्टॅट ४५वर आणून ठेवणं हा दुसरा उद्योग. न्यूमोनियासारखा आजार करणारा लिजिओनेला जिवाणू २० ते ४५ अंशांच्या पाण्यात वाढतो. टाकी ६०वर ठेवावी, भाजू नये म्हणून शॉवरपाशी थर्मोस्टॅटिक मिक्सर (गरम-गार पाणी ठरावीक तापमानाला आपोआप मिसळणारा नळ) लावावा, आणि जो शॉवर कोणी वापरत नाही त्यातलं पाणी आठवड्यातून एकदा सोडून द्यावं. त्याने आणखी एक काम होतं. नहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे फरशीच्या जाळीखाली साचून वास अडवणारं पाणी वापराअभावी सुकलं की गटाराचा वास थेट खोलीत येतो, आणि लोक नाक मुरडून सायकलवाल्यांच्या बुटांकडे बघतात. बूट बिचारे निर्दोष. बादलीभर पाणी ओता, वास जातो.

शॉवर किती हवेत याचं गणित बहुतेक ठिकाणी डोकी मोजून केलेलं असतं. लीड या हरित इमारतींच्या मानांकनाच्या चौथ्या आवृत्तीत नियमित वापरणाऱ्या पहिल्या १०० जणांमागे एक आणि पुढच्या दर १५० जणांमागे आणखी एक, असा हिशेब आहे. सुरुवातीला ठीक. पण सायकलवाले दिवसभर विखरून येत नाहीत, सगळे पाऊण तासात येतात. आंघोळ आणि कपडे दोन्ही आतच उरकायचे तर माणशी १२ मिनिटं धरा, म्हणजे एका शॉवरमागे जेमतेम चौघं. कपडे बाहेर बदलता आले तर ६ मिनिटांत शॉवर मोकळा होतो आणि सात जण निघतात. तिसऱ्या शॉवरसाठी प्लंबिंग उकरण्याऐवजी ९० बाय ९० सेंटिमीटरचे दोन-तीन कोरडे, कडी लागणारे कप्पे करा. पार्टिशन मात्र जमिनीपासून छतापर्यंत हवं; खालून वीतभर उघडं असलं की बायका ती खोली वापरत नाहीत.

आता टॉवेल. पाच गुण गेले ते इथे. आंघोळीनंतर प्रत्येकाकडे ओला टॉवेल, घामाचा टीशर्ट आणि मोजे असतात, आणि ते टाकायला पत्र्याचा बंद लॉकर. संध्याकाळी दार उघडलं की कुबट वास येतो, आणि तोच टीशर्ट घालून घरी जायचं असतं. लॉकरच्या दाराला वरखाली झडपा हव्यात आणि टॉवेल लॉकरबाहेर वाळायला हवा: माणशी ६० सेंटिमीटर दांडी, दोन दांड्यांत किमान १५ सेंटिमीटर अंतर. घडी घालून टांगलेला टॉवेल आतून ओलाच राहतो.

दांडी लावली तरी हवा हलली पाहिजे. ३ बाय ४ मीटर आणि २.७ मीटर उंचीची खोली म्हणजे ३२ घनमीटर. तासाला दहा वेळा हवा बदलायची तर फॅनने ३२० घनमीटर ओढायला हवी. खोक्यावरचा आकडा सहसा डक्ट (हवा बाहेर नेणारी नळी) न जोडता मोजलेला असतो; दोन वळणं आणि जाळी लागली की तो उतरतो. परीक्षा सोपी आहे. टिश्यूचा एक पदर फॅनच्या जाळीला लावा. दार बंद असताना गळून पडला आणि दार किलकिलं करताच चिकटला, तर फॅन चांगला आहे, आत हवा यायला वाटच नाही. दाराखाली फट ठेवा, नाहीतर दारात जाळी बसवा. आणि फॅन दिव्याच्या बटणाला जोडलेला नसावा. शेवटचा माणूस दिवा मालवून जातो, नेमकी तेव्हाच वाफ बाहेर काढायची असते.

लॉकर अर्ध्या उंचीचे असतात, हेही चुकतं. इस्त्रीचा शर्ट टांगायला पूर्ण उंची लागते. हँगर साधारण ४२ ते ४५ सेंटिमीटर रुंद, लॉकर ३० रुंद. म्हणून हँगर दाराकडून मागच्या पत्र्याकडे असा टांगावा लागतो आणि लॉकरची आतली खोली ५० सेंटिमीटर लागते. ४५ची असेल तर बाही दारात अडकते. हेल्मेट वरच्या फळीवर मावतं.

फरशीला ‘आर १०’ ही न घसरण्याची प्रत लिहिलीय म्हणून भुलू नका. तो आकडा बूट घातलेल्या पायांसाठी. अनवाणी, साबणाच्या फरशीसाठी ए, बी, सी अशी वेगळी प्रत असते, शॉवरला बी मागा. हुक प्रत्येक कप्प्यात चार. दोन असले की पँट जमिनीवरच जाते, आणि जमीन ओली असते.

काही ठिकाणी अपंगांच्या टॉयलेटमध्येच शॉवर बसवून मोकळे होतात. त्याला आम्ही गुणच देत नाही. ज्याला दुसरं टॉयलेटच नाही, तो बारा मिनिटं बाहेर उभा राहतो.