लुडविग स्पीड किंग, नऊ महिन्यांनंतर: कुईंकुईं, ग्रीस आणि झेपेलिनचे लाइव्ह अल्बम

गाणं चालू असतानाच साउंडवाला वाकत वाकत स्टेजवर आला आणि माझ्या कानाशी म्हणाला, "दादा, किकच्या माइकवर उंदीर येतोय."

मावसबहिणीचा साखरपुडा. सांगलीतलं कार्यालय, आमचा हौशी ग्रुप, संथ भावगीत. गाणारी ताई शब्द अगदी हळू सोडत होती आणि मी ड्रमवर, तारांचे ब्रश घेऊन जेमतेम वाजवत होतो. प्रत्येक किकच्या, म्हणजे पायातल्या पेडलने बेस ड्रमवर दिलेल्या ठोक्याच्या, आधी 'कुईं'. ठोका नंतर, कुईं आधी. पहिल्या रांगेतल्या आत्याने खाली वाकून खुर्चीखाली बघितलं, ते मी स्वतः पाहिलं. पुढची दोन कडवी मी किक न देताच काढली.

त्या रात्री घरी येऊन लुडविग कंपनीच्या या स्पीड किंग पेडलचा अनुभव लिहायला घेतला होता आणि तेव्हा त्याचं शीर्षक 'घेऊ नका' एवढंच होतं. ते तसंच पडून राहिलं. आता पूर्ण करतोय. मत मधल्या काळात सरकलंय, पण राग पूर्ण गेलेला नाही, हे आधीच सांगतो.

पेडलची ओळख करून देत बसत नाही. स्पीड किंग म्हणजे काय हे माहीत नसलेला माणूस इथवर वाचणारच नाही. १९३७ साली आलेलं डिझाइन, साखळी नाही, पट्टा नाही, पायाखालची पाटी आणि वरचा आडवा दांडा यांच्यात एक लोखंडी दुवा. स्प्रिंगा बाहेर लटकत नाहीत, दोन्ही बाजूंच्या उभ्या खांबांच्या पोटात असतात. दिसायला इतकं नेटकं की टेबलावर शोभेला ठेवावं. माझं जुनं, दुसऱ्याच्या हातचं. सांगितले साडेनऊ हजार, घासाघीस करून आठ हजार दोनशेला पडलं, कुरिअर वेगळं. बायको म्हणाली, "मिक्सरपेक्षा महाग, आणि आवाज मिक्सरचाच."

घेतलं कशासाठी, तर लेड झेपेलिन या रॉक बँडच्या ड्रमरसाठी, जॉन बॉनमसाठी. दुसरं काही कारण नाही, उगाच तांत्रिक कारणं देत नाही. झेपेलिनच्या पहिल्या अल्बममधलं 'गुड टाइम्स बॅड टाइम्स' ऐकून कॉलेजात मला खात्री होती की या माणसाकडे दोन बेस ड्रम आहेत. एकच होता, एकच पाय, आणि पायाखाली हेच पेडल. त्याचा बेस ड्रम २६ इंची. माझा २०. २६ घरात आणायचा तर दिवाण विकावा लागेल, म्हणून निदान पेडल तरी त्याचं. पुढे त्याचे ड्रम बदलत गेले: १९७० च्या जानेवारीत रॉयल अल्बर्ट हॉलच्या चित्रीकरणात लाकडी रंगाचा मेपल सेट दिसतो, १९७३ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तो मधाच्या रंगाचा, आरपार दिसणाऱ्या ॲक्रिलिकचा व्हिस्टालाइट, १९७७ ला स्टेनलेस स्टील. पेडल मात्र हेच.

पहिले दोन महिने मी खूश होतो. पाय ठेवला की पेडल वाट बघत असल्यासारखं खाली जातं आणि त्याच वेगाने परत येतं. आधीचं माझं साखळीचं पेडल दणकट होतं, पण एका ठोक्यानंतर दुसरा ठोका मागायला विनंती अर्ज करावा लागायचा. इथे सलग दोन पटकन पडतात, तिसरा पण निघतो. बॉनमचे तीन मला अजून जमत नाहीत. तो दोष पेडलचा नाही.

मग पावसाळा आला आणि कुईंकुईं सुरू झाली.

विकणाऱ्याला फोन केला. "व्हिंटेज आहे हो. तो आवाज असतोच. उलट ती ओरिजिनल असल्याची खूण आहे." हे वाक्य मी विसरणार नाही. उद्या गाडी विकताना गळणाऱ्या ऑइललाही हा ओरिजिनलची खूण म्हणेल. पण चिडून शोधायला बसलो, तर निघालं की तो पूर्ण खोटं बोलत नव्हता. जगभरचे ड्रमर या पेडलला लाडाने 'स्क्वीक किंग' (कुईंकुईंचा राजा) म्हणतात. आणि 'सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू' या १९७० च्या गाण्यात, 'लेड झेपेलिन ३' मधल्या त्या संथ ब्लूजमध्ये, बॉनमचं पेडल कुईंकुईं करताना चक्क रेकॉर्ड झालंय. मी हे गाणं वीस वर्षं ऐकतोय. कधी जाणवलं नव्हतं. हेडफोन लावला, सुरुवातीचं मिनिटभर ऐकलं, आणि झालं. आता त्या गाण्यात मला गायक प्लांट कमी आणि पेडल जास्त ऐकू येतं. बँडचा गिटारवाला जिमी पेज, त्याचंही तसंच झालं म्हणे: पहिला बॉक्स सेट तयार करताना ती कुईंकुईं त्याच्या कानाला लागली आणि दर वेळी ऐकताना जास्तच मोठी वाटायला लागली.

इथून माझा खरा बिघाड सुरू झाला. पेडल दुरुस्त करायचं सोडून मी बॉनमची कुईंकुईं लाइव्ह रेकॉर्डिंगमध्ये शोधत बसलो. स्टुडिओत आहे तर स्टेजवरही असणार, एवढाच हिशोब.

पहिला प्रयत्न फुकट गेला. माझ्याकडे 'द साँग रिमेन्स द सेम' या लाइव्ह अल्बमची १९७६ ची जुनी आवृत्ती आहे, १९७३ च्या न्यूयॉर्कच्या तीन रात्रींची. त्यात नेमकं हेच गाणं नाही. त्याच नावाच्या चित्रपटात आहे, अल्बमवर नव्हतं, ते आलं २००७ च्या नव्या आवृत्तीत, वाढवलेल्या सहा गाण्यांबरोबर. म्हणजे एका गाण्यातल्या कुईंसाठी तोच अल्बम परत विकत घ्यायचा. नाही घेतला. मित्राकडून ऐकायला आणला.

दुसरा 'हाउ द वेस्ट वॉज वन'. हा माझ्याकडे होता, जुना तीन सीडींचा संच, तोही दुसऱ्याच्या हातचा. जून १९७२ च्या २५ आणि २७ तारखेचे दोन कार्यक्रम, लॉस एंजेलिसचं फोरम आणि लाँग बीच अरीना, पेजने निवडून जोडलेले, बाहेर आले २००३ ला. दोन रात्री शिवून एक केल्याबद्दल नाक मुरडणारे चाहते आहेत. मला शिवण कुठे आहे ते ऐकू येत नाही, तर तक्रार कशाची करू? हा त्यांचा सगळ्यात चांगला अधिकृत लाइव्ह अल्बम आहे आणि या बाबतीत मी वाद घालायला तयार आहे. 'द ओशन' आणि 'डान्सिंग डेज' तर तेव्हा बाहेरही आलेली नव्हती. समोरच्या लोकांना गाणी नवी, आणि बँड वाजवतोय मात्र जुनी असल्यासारखं.

तर, रात्री साडेअकरा, सगळे झोपलेले, हेडफोन, पहिली सीडी, तेच गाणं. दीड मिनिटाच्या आसपास सापडली! अगदी बारीक, लयीत, कुईं... कुईं... कुईं. मी वहीत वेळ लिहून ठेवली. पुढचं गाणं लावलं, त्यातही. त्याच्या पुढचं अकूस्टिक, त्यात ड्रम नाहीत, तरी कुईं. हेडफोन काढला. वर बघितलं. पंखा.

पंखा बंद करून परत ऐकलं, घामाघूम होत. मला सापडली नाही. न्यूयॉर्कच्या रेकॉर्डिंगमध्येही नाही. कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही: स्टुडिओतलं ते गाणं सुरुवातीला इतकं मोकळं आहे की दोन ठोक्यांच्या मधे पेडलला बोलायला जागा मिळते. स्टेजवर शेजारी पेजचे अॅम्प, मागे बँडमधल्या जोन्सचा बेस गिटार, समोर हजारो लोक; तिथे पेडल ओरडलं काय आणि नाही ओरडलं काय. म्हणजे बॉनमने हे पेडल जिथे वाजवलं तिथे त्याचा हा दोष दोषच नव्हता. तो दोष ठरतो आमच्या कार्यालयातल्या भावगीतात.

(लोक लपूनछपून केलेल्या रेकॉर्डिंगचंही सुचवतील. माइक मिलार्ड नावाच्या चाहत्याने २१ जून १९७७ चं फोरमचं केलं ते ऐकलंय. सुरुवातीचा ड्रमचा तडाखा प्रेक्षकांत बसून ऐकल्यासारखा येतो, अंगावर काटा वगैरे. पण प्रेक्षकांतल्या माइकला पेडल काय ऐकू येणार, तिथे शोधायचा वेडेपणा मी केला नाही.)

या शोधाचा एक फायदा झाला. 'मोबी डिक'चं सोलो मी आजवर टाळत आलो होतो. १९७२ च्या अल्बमवर ते १९ मिनिटांच्या वर आहे आणि माझ्या घरी ते लागलं की भांडी घासली जातात. या वेळी नीट बसून ऐकलं. मधे तो काठ्या ठेवून नुसत्या हातांनी वाजवतो, तो भाग आमच्या ग्रुपच्या ढोलकीवाल्या काकांना ऐकवला. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "हात चांगलाय पोराचा. पण समेवर कधी येणार?" मी म्हटलं, काका, अजून सात मिनिटं आहेत. त्यांनी चहा मागवला.

त्यांना मग मुंबईचंही ऐकवलं. पेज आणि प्लांट १९७२ ला मुंबईत आले होते आणि इथल्या वादकांना घेऊन 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' रेकॉर्ड करून गेले. ते अधिकृतपणे आलं थेट २०१५ ला, 'कोडा' या अल्बमच्या वाढीव आवृत्तीत. बॉनम त्यात नाही, तबला आहे. काकांचं मत लगेच बदललं. "हे बरंय. तबल्याला तेल घालावं लागत नाही."

तेलाचा विषय निघालाच आहे तर दुरुस्ती. आधी मी स्वतःच शिलाई मशीनचं तेल सगळीकडे सोडलं. दोन दिवस शांत, तिसऱ्या दिवशी कुईं परत, वर सतरंजीवर तेलाचा डाग. म्युझिकच्या दुकानात नेलं, तर त्यांनी हातात न घेताच नवीन पेडलांचे भाव सांगितले. मिरजेला एका तंबोऱ्यांच्या कारखान्यात ओळख होती, तिथे गेलो. तिथले आजोबा हसले. "आमचा लाकूड-भोपळ्याचा धंदा बाबा. हे लोखंड आमच्याकडे कशाला आणलंस?" पण पत्ता त्यांनीच दिला: शिलाई मशीन दुरुस्त करणारा, गल्लीच्या टोकाला.

त्याने पेडल उलटं केलं, पायाने दाबल्यासारखं हाताने दाबलं, कान लावला.

"कशाचं आहे हे?"

"पायाने ढोल वाजवायचं."

"मग आमच्या पायडलचाच भाऊ की." आणि लगेच, "तेल कुणी घातलं यात?"

मी गप्प.

खांबांच्या तळाचे स्क्रू त्याने सोडले. उजव्या खांबातली स्प्रिंग सरळ हातात आली. डावी अडकली होती. पेपरवर आपटल्यावर आली ती काळ्या चिकट गोळ्यासकट, वाळलेल्या डिंकात माती कालवल्यासारखा. वास जुन्या रॉकेलच्या स्टोव्हचा. ते जुनं ग्रीस होतं, किती वर्षांपूर्वीचं कोण जाणे, आणि माझं तेल त्याच्या वर. स्प्रिंगेच्या एका बाजूला घासून चकाकी आली होती, बोटाच्या नखाएवढी. "ही बघा, इथे ओरडत होती," तो म्हणाला. रॉकेलने धुतलं, पुसलं, घट्ट ग्रीस काडीने आत भरलं, वरच्या दांड्याच्या दोन्ही टोकांना थोडं. अर्धा तास. एकशे वीस रुपये. मी दीडशे दिले, तीस त्याने परत केले.

कुईं गेली. पेडल आधीपेक्षाही हलकं झालं, म्हणजे मी पहिले दोन महिने ज्याचं कौतुक करत होतो ते मुळात अर्धं अडकलेलं होतं. 'घेऊ नका' हे शीर्षक त्या दिवशी खोडलं.

तरी काही गोष्टी खटकतातच. स्प्रिंग कमी-जास्त करायची तर स्क्रू तळाला, म्हणजे पेडल ड्रमवरून काढा, उलटं करा, पिळा, परत लावा, वाजवून बघा, पटलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. कार्यक्रमाच्या मधे हे शक्यच नाही. आजच्या पेडलांवर बीटरचा, म्हणजे ड्रमवर आपटणाऱ्या दांडीचा, कोन, पाटीची उंची, सगळं वेगवेगळं लावता येतं. इथे जे आहे ते आहे. नवीन शिकणाऱ्याने याच्या नादी लागू नये, त्याच पैशात साखळीचं चांगलं पेडल नवीन येतं, पावती मिळते आणि भांडायला दुकानदार मिळतो. ज्याच्याकडे आधीच एक पेडल आहे आणि जवळपास चांगला शिलाई मशीनवाला आहे, त्याने जरूर घ्यावं, पण घेताना कान लावून, आणि 'ओरिजिनलची खूण' ऐकू आली तर हजारभर तरी कमी करून. माझ्याकडून पाचापैकी साडेतीन. साखरपुडा झाला नसता तर चार.

हे लिहून झालं आणि काल रात्री थोडा सराव केला, पॅड लावून, हळू. डाव्या बाजूने बारीक काहीतरी आलं. उठून आधी पंखा बंद केला. पंखा नव्हता.