दिरहम, येन की युरो? पगाराचं चलन पारखताना

दुबईची ऑफर १०,००० दिरहमची, टोकियोची ३ लाख येनची, म्युनिकची ३,५०० युरोची, सगळं दरमहा आणि हातात पडणारं. अशा वेळी पहिला उद्योग होतो तो आजच्या दराने गुणून रुपये काढायचा. हा गुणाकार त्या दिवसापुरता खरा. नोकरी तीन-चार वर्षं करायची असेल, तर त्या चलनाचा भाव कशाच्या जोरावर हलतो आणि आपला खर्च कुठल्या चलनात आहे, हे आधी बघावं लागतं.

जानेवारी २०२१ आणि जुलै २०२४ समोरासमोर ठेवा. डॉलर ७३ रुपयांच्या आसपास होता, तो साडेत्र्याऐंशीवर गेला. १०,००० दिरहमचे साधारण १ लाख ९९ हजार व्हायचे, त्याचे २ लाख २७ हजार होऊ लागले. ३ लाख येनचे २ लाख १० हजार व्हायचे, ते १ लाख ५५ हजारांवर आले. पगाराच्या चिठ्ठीवरचा आकडा दोन्हीकडे जागचा हलला नव्हता.

दिरहमचं गणित सोपं आहे. १९९७ पासून एका डॉलरला ३.६७२५ दिरहम हा दर बांधलेला आहे आणि तिथली मध्यवर्ती बँक त्याच भावाने डॉलर घेते-देते. त्यामुळे ‘दिरहम वाढला’ म्हणतात तेव्हा बहुधा रुपया डॉलरपुढे घसरलेला असतो. डॉलर ८५ रुपयांना असेल तर ८५ भागिले ३.६७२५, म्हणजे २३ रुपये १४ पैसे. सौदी रियालही असाच ३.७५ ला बांधलेला. रत्नागिरी-रायगडात घरटी कुणी ना कुणी आखातात असलेल्या गावांना हे दर पाठ असतात, पण त्यामागचा डॉलर बघायची सवय कमी.

बांधलेल्या दराची किंमतही असते. अमेरिकेने व्याजदर वाढवले की अमिरातीलाही मागोमाग वाढवावे लागतात. दुबईत बदलत्या व्याजाचं गृहकर्ज असेल तर २०२२ नंतर हप्ता का फुगला, याचं उत्तर यातच आहे. आणि गाठ कधीच सुटत नाही असंही नाही. १५ जानेवारी २०१५ ला स्विस मध्यवर्ती बँकेने युरोला १.२० फ्रँकची आपली किमान मर्यादा अचानक काढून घेतली आणि काही मिनिटांत बाजार उलटापालटा झाला. आखाताचा जुना अनुभव तर थेट आपल्याशी जोडलेला आहे. १९६० च्या दशकात तिथल्या अनेक अमिरातींत भारतीय रिझर्व्ह बँकेने खास छापलेले गल्फ रुपये चालत. जून १९६६ मध्ये भारताने डॉलरचा भाव ४.७६ वरून ७.५० रुपये केला आणि त्यांनी रुपयाची साथ सोडली. आज अमिरातीकडे डॉलरचा साठा भक्कम आहे, त्यामुळे तीन-चार वर्षांच्या नोकरीसाठी ही भीती मनात धरायचं कारण नाही.

येन खुल्या बाजारात तरंगतो, आणि गेल्या काही वर्षांत त्याला मुख्यतः व्याजदरांतल्या दरीने ओढलं. मार्च २०२२ ते जुलै २०२३ या काळात अमेरिकेचा व्याजदर शून्याजवळून ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर गेला. जपानचा मार्च २०२४ पर्यंत उणे ०.१ टक्के होता. स्वस्तात येन उचलायचे, विकून डॉलर घ्यायचे आणि जास्त व्याज कमवायचं, हा मोठ्या गुंतवणूकदारांचा धंदा झाला. येन विकणारे वाढले, भाव पडला. जुलै २०२४ च्या सुरुवातीला डॉलरला जवळजवळ १६२ येन मोजावे लागत होते. जुलैअखेर जपानने व्याजदर ०.२५ टक्क्यांवर नेला, सगळे एकदम उचललेले येन फेडण्यासाठी ते परत घ्यायला धावले आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात डॉलर १४२ येनपर्यंत उतरला. रुपयांत बघायचं तर १०० येन ५२ वरून ५८ च्या घरात, तेही महिनाभरात.

ज्याच्या कर्जाचा हप्ता भारतात आहे त्याला हे थेट लागतं. ४०,००० रुपयांच्या हप्त्यासाठी १०० येनला ७० रुपये मिळत असताना ५७,००० येन पुरत. ५२ ला ७७,००० लागतात. पगार येनमध्ये असेल तर निदान सहा हप्त्यांइतके रुपये भारतातल्या खात्यात आधीच ठेवावेत. म्हणजे भाव पडलेला असताना केवळ हप्त्यासाठी येन विकावे लागत नाहीत.

युरो या दोघांच्या मधला. ऊर्जेच्या संकटात सप्टेंबर २०२२ मध्ये तो ०.९६ डॉलरच्याही खाली घसरला आणि रुपयांत जानेवारी २०२१ च्या ८९ वरून ७८ च्या आसपास आला. त्याच वेळी डॉलर मात्र ८० रुपयांच्या वर होता. रुपया एका चलनापुढे पडत असताना दुसऱ्यापुढे वधारू शकतो. २०२५ मध्ये युरोने शंभरी ओलांडली.

कुवेती दिनार एवढा महाग आणि येन पैशांत, म्हणून दिनार मजबूत, असा हिशेब करू नका. एका नाण्याची किंमत किती हा फक्त मोजमापाचा भाग आहे. भाव किती आणि कुठल्या दिशेने हलतो ते बघायचं. दर वाचतानाही जपा: येनचा दर आपल्याकडे सहसा १०० येनचा देतात.

आमचा कौल असा. घर चालवणं, कर्ज, बचत सगळं भारतात असेल तर दिरहम. मुलांना पुढे अमेरिकेत शिकवायचं असेल तरी दिरहमच. कुटुंब सोबत नेणार आणि बहुतेक पगार तिथेच खर्च होणार असेल, तर येन किंवा युरोची चढउतार फक्त बचतीला लागते. तिथे घरभाडं, कर आणि महागाई यांना दरापेक्षा जास्त वजन द्या. रुपयांतलं शैक्षणिक कर्ज डोक्यावर घेऊन येनचा पगार, हे तिन्हींत सगळ्यात जोखमीचं.

पैसे पाठवताना ‘शून्य शुल्क’ बघून हुरळू नका. समजा बाजारातला मधला दर, म्हणजे खरेदी आणि विक्रीच्या भावांच्या मधोमध असलेला, २३.१५ आहे. एक जण २० दिरहम शुल्क घेऊन २३.०५ देतो, दुसरा शुल्काशिवाय २२.९०. ५,००० दिरहमवर पहिल्याकडून १,१४,७८९ रुपये येतात, दुसऱ्याकडून १,१४,५००. हजारच दिरहम पाठवले तर उलट: २२,५८९ आणि २२,९००. म्हणून हातात येणारे रुपये भागिले खिशातून गेलेले दिरहम, एवढंच ताडून बघा. बँकेतून थेट पैसे पाठवले (वायर ट्रान्सफर) तर मधली बँकही शुल्क कापू शकते. ते कोण भरणार हे अर्जावरच ठरतं. येनच्या बाबतीत व्यवहार बरेचदा डॉलरमार्गे होतो आणि दोनदा कात्री लागते.

भारतात आल्यावर पैसा एनआरई ठेवीत (परदेशस्थ भारतीयांची रुपयांतली ठेव) टाकला की तो रुपया होतो. एफसीएनआर ठेवीत (त्यांचीच परकीय चलनातली ठेव) तो परकीय चलनातच राहतो आणि दराची जोखीम टळते. रुपयांतला खर्च जवळ आला असेल तर एनआरई, पुढे परदेशातच फी भरायची असेल तर डॉलरची एफसीएनआर. एफसीएनआरची मुदत १ ते ५ वर्षं, आणि वर्षाच्या आत मोडली तर व्याज मिळत नाही.