मुतखडा: वाट पाहायची, बाहेरून फोडायचा की दुर्बिणीतून काढायचा?

रिपोर्टवर खड्याचा आकार मिलिमीटरमध्ये लिहिलेला असतो आणि घरातली सगळी चर्चा त्या एका आकड्याभोवती फिरते. उपचार मात्र चार गोष्टींवर ठरतात: खडा केवढा आहे, कुठे आहे, किती कडक आहे आणि किडनी कितपत फुगली आहे. ६ मिमीचा खडा किडनीच्या खालच्या कप्प्यात निवांत पडून असेल तर वर्षानुवर्षं त्याला हात लावला नाही तरी चालतं. तेवढाच खडा युरेटरमध्ये, म्हणजे किडनीतून मूत्राशयाकडे उतरणाऱ्या नळीत अडकला, तर माणूस रात्रभर गडाबडा लोळतो. त्यामुळे शेजाऱ्यांचा खडा लेझरने निघाला म्हणून आपलाही तसाच काढायचा, हे गणित जुळत नाही.

आधी तपासणीचं बघू. सोनोग्राफी स्वस्त आहे, किडनीला सूज आहे का ते छान दाखवते. पण युरेटरच्या मधल्या भागातला खडा आतड्यातल्या हवेआड लपतो, आणि लहान खड्याचा आकार सोनोग्राफीत बऱ्याचदा असतो त्याहून मोठा दिसतो. ‘दोन्ही किडन्यांत ३-३ मिमीचे बारीक खडे’ हे वाक्य वाचून अनेकांची झोप उडते. त्रास नसेल तर त्यासाठी कसलंही ऑपरेशन लागत नाही, सहा महिन्यांनी आणि मग वर्षाला एकदा सोनोग्राफी पुरते. काही करायचं ठरत असेल तर मात्र साधा सीटी स्कॅन (केयूबी, म्हणजे किडनी, युरेटर आणि मूत्राशयाचा, डाय न देता) करून घ्यावा. त्यात खड्याची नेमकी जागा, आकार आणि घनता कळते. घनता हाउन्सफील्ड युनिटमध्ये असते. ५०० च्या खाली असेल तर युरिक अॅसिडच्या खड्याची शंका घेतात. १००० च्या वर गेली की खडा टणक, बाहेरून फोडायला अवघड. रिपोर्टमध्ये हा आकडा नसेल तर रेडिओलॉजिस्टकडे मागा.

जिथे निवडीला वेळच नसतो

खडा अडकलेला आहे आणि थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. लघवी अजिबात होत नसेल, एकच किडनी असेल, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) चढत असेल, किंवा इंजेक्शन देऊनही दुखणं आणि उलट्या थांबत नसतील, तरीही हेच. तापात डॉक्टर खडा फोडायला जात नाहीत. आधी किडनीतली तुंबलेली लघवी मोकळी करतात, आतून डीजे स्टेंट (किडनीपासून मूत्राशयापर्यंतची मऊ नळी) टाकून किंवा पाठीतून किडनीत बारीक नळी घालून. जंतुसंसर्ग झालेल्या, तुंबलेल्या किडनीत पाण्याच्या दाबाखाली खडा फोडायला घेतला तर जंतू थेट रक्तात जातात आणि जिवावर बेतू शकतं. खडा काढायचा तो संसर्ग आटोक्यात आल्यावर. ‘स्टेंट टाकला पण खडा तसाच ठेवला’ अशी नातेवाइकांची तक्रार असते, पण त्या दिवशी किडनी आणि माणूस वाचवणं हेच काम असतं.

वाट पाहणं

युरेटरमधला ५ मिमीपर्यंतचा खडा तीनपैकी दोन जणांमध्ये आपणहून पडतो. ५ ते १० मिमी असेल तर साधारण निम्म्यांमध्ये. खडा जितका खाली, मूत्राशयाच्या तोंडाशी, तितकी आशा जास्त. खालच्या भागातल्या ५ मिमीहून मोठ्या खड्यासाठी टॅमसुलोसिन ०.४ मिग्रॅ रात्री देतात. नळीचे स्नायू सैल पडतात. सुरुवातीला उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून ती झोपताना घ्यायची. दुखण्यावर डायक्लोफेनॅकसारखी औषधं चांगली लागू पडतात, पण किडनीचं काम आधीच मंदावलेलं असेल, अल्सर किंवा हृदयविकार असेल तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीत. कळा चालू असताना घटाघटा पाणी पिऊन खडा ढकलला जात नाही. तुंबलेल्या किडनीवर ताण वाढून दुखणं वाढतं. तहानेपुरतं प्या, कळ थांबल्यावर पाणी वाढवा.

या वाटेचा मोठा धोका म्हणजे दुखणं थांबणं. दुखायचं थांबलं म्हणजे खडा पडला असं लोक धरून चालतात. खडा नळीत तसाच असतो, किडनी हळूहळू फुगत असते आणि कळ मात्र येत नाही, असं अनेकदा घडतं. काही महिन्यांनी सोनोग्राफीत किडनी पाण्याची पिशवी झालेली दिसते. म्हणून लघवी चहाच्या गाळणीतून गाळा, खडा हाती लागला तर ठेवा, आणि नाही लागला तर दोन आठवड्यांनी तपासणी करा. वाट पाहायची कमाल मुदत चार ते सहा आठवडे. त्यापुढे खडा काढायचाच.

कुळथाचं कढण आणि पानफुटीची पानं इथे घरोघरी चालतात. कढण पोटात जातं तेव्हा पाणीही जातं, तेवढा फायदा धरा. पण बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात आणि ते पिण्याच्या कुठल्याही औषधाने विरघळत नाहीत. काढा घ्यायचा तर खुशाल घ्या, पण सोनोग्राफीची तारीख चुकवू नका. विरघळतो तो एकच मोठा प्रकार, युरिक अॅसिडचा. पोटॅशियम सायट्रेट देऊन लघवीचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा) ६.५ ते ७ च्या आसपास राखला तर दोन-तीन महिन्यांत चांगला मोठा खडाही विरघळू शकतो, ऑपरेशनशिवाय. हा खडा साध्या एक्स-रेत दिसत नाही. किडनी कमकुवत असेल किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील तर रक्तात पोटॅशियम वाढण्याचा धोका असतो, म्हणून मध्ये रक्त तपासत राहावं लागतं.

बाहेरून लहरींनी फोडणं (लिथोट्रिप्सी)

कापाकाप नाही, दुर्बीण नाही, बहुतेकदा त्याच दिवशी घरी. मशीनवर झोपवून दोन-तीन हजार धक्के देतात, पाऊण ते एक तास जातो. मिनिटाला ६० ते ९० धक्के अशा संथ गतीने दिले तर खडा नीट फुटतो आणि किडनीलाही कमी मार बसतो. पण खडा फुटला म्हणजे निघाला असं नाही. तुकडे लघवीवाटे तुम्हालाच पाडायचे असतात, पुन्हा थोड्याफार कळा सोसून. कधी बारीक तुकड्यांची रांगच नळीत अडकते आणि मग दुर्बीण घालावीच लागते. दोन-तीन बैठका लागणं नेहमीचं.

कोणाला बसतं? किडनीतला १ सेंमीच्या आतबाहेरचा खडा, घनता १००० च्या खाली, सडपातळ बांधा. त्वचेपासून खड्याचं अंतर १० सेंमीहून जास्त असेल तर लहरी पोचेपर्यंत बोथट होतात. खालच्या कप्प्यातले तुकडे गुरुत्वाकर्षणामुळे तिथेच साचून राहतात, त्यामुळे त्या जागेसाठी ही पद्धत कमी पडते. गर्भवती असाल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या थांबवता येत नसतील किंवा लघवीत जंतुसंसर्ग असेल तर नाही. लहान मुलांमध्ये मात्र तुकडे सहज उतरतात आणि निकाल चांगला मिळतो.

दुर्बिणीने लघवीच्या मार्गातून: युआरएस आणि आरआयआरएस

दोन्हीत टाका नाही, पण दोन्ही एक नव्हेत. युआरएसमध्ये सरळ दुर्बीण युरेटरमध्ये नेऊन होल्मियम लेझरने खडा फोडतात. युरेटरच्या खालच्या भागातला १ सेंमीहून मोठा किंवा न पडणारा खडा असेल तर हीच पहिली पसंती. बहुतेकांचं काम एकाच वेळेत होतं. आरआयआरएसमध्ये वाकणारी दुर्बीण थेट किडनीत जाते. किडनीतल्या २ सेंमीपर्यंतच्या खड्यांसाठी ती उपयोगी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बंद करता येत नाहीत त्यांच्यासाठी तर विशेष. खडा खालच्या कप्प्यात असेल तर दुर्बीण फार वाकवावी लागते, मग शल्यचिकित्सक तो बास्केटमध्ये (बारीक तारांच्या जाळीत) धरून वरच्या कप्प्यात नेतात आणि तिथे त्याची पूड करतात.

आरआयआरएसची जाहिरात ‘बिनटाक्याची’ म्हणून होते. ते खरंच आहे, पण दोन गोष्टी आधी कानावर घातलेल्या बऱ्या. काहींचा युरेटर मुळातच अरुंद असतो. दुर्बीण जात नाही, तेव्हा फक्त स्टेंट टाकून बाहेर यायचं आणि दोन आठवड्यांनी पुन्हा भूल. जोर लावून दुर्बीण घुसवली तर नळी फाटू शकते, त्यामुळे थांबणारा डॉक्टर शहाणा. दुसरं, २ सेंमीच्या वरचा खडा हट्टाने आरआयआरएसनेच काढायचा म्हटलं तर दोन-दोन, तीन-तीन बैठका होतात, दर वेळी भूल आणि दर वेळी संसर्गाची जोखीम.

आता डीजे स्टेंट, कारण ऑपरेशनपेक्षा याच्याच तक्रारी जास्त. दोन्ही टोकांना वेटोळं असलेली मऊ नळी, जाडी जेमतेम २ मिमी. एक वेटोळं किडनीत, दुसरं मूत्राशयात. मूत्राशयातलं टोक आतून घासत राहतं. सारखी लघवी लागते, धावपळ झाली की लघवी लालसर होते, लघवी करताना कमरेत चमक जाते. खड्ड्यांतून दुचाकी किंवा ट्रॅक्टर चालवल्यावर हे वाढतं. घाबरण्यासारखं नाही, स्टेंट निघाला की थांबतं. साध्या, विनाअडचण युआरएसनंतर प्रत्येकाला स्टेंट लागतोच असं नाही, हे विचारायला संकोच करू नका. टाकला असेल तर साधारण एक ते चार आठवड्यांत काढतात; जेल लावून काही मिनिटांचं काम. विसरलात तर त्यावरच क्षार साचतात आणि तीन महिन्यांनंतर तो काढणं हेच वेगळं ऑपरेशन होऊन बसू शकतं. पेठ-सुरगाण्याहून नाशिकला येणाऱ्यांनी स्टेंट काढायची तारीख डिस्चार्ज कार्डावर मोठ्या अक्षरात लिहून घ्यावी.

पाठीतून छिद्र पाडून (पीसीएनएल)

२ सेंमीहून मोठा खडा, किंवा किडनीभर फांद्या पसरलेला खडा: इथे पीसीएनएललाच मान. कमरेजवळ सुमारे १ सेंमीचं छिद्र, त्यातून दुर्बीण किडनीत, तुकडे थेट बाहेर. मिनी पीसीएनएलमध्ये वाट ५ ते ७ मिमीचीच असते. रुग्णालयात दोन ते चार दिवस. एवढं करून मोठा खडा एका बैठकीत साफ होण्याची शक्यता इथे इतर कशाहीपेक्षा जास्त.

किंमत रक्तस्रावाची. थोड्या जणांना रक्त द्यावं लागतं. आठ-दहा दिवसांनी घरी असताना अचानक गुठळ्यांसकट लाल लघवी झाली तर सकाळची वाट न बघता रुग्णालयात या. किडनीतली फाटलेली रक्तवाहिनी बंद करावी लागू शकते. दोन-तीन आठवडे ओझं उचलायचं नाही. निफाड-दिंडोरीकडच्या बागायतदारांनी तातडी नसेल तर द्राक्षकाढणीचा हंगाम टाळून तारीख घ्यावी, कारण काढणीच्या घाईत हे पथ्य पाळलं जात नाही.

कोणत्याही दुर्बिणीच्या ऑपरेशनआधी लघवीचं कल्चर (जंतू आहेत का, कोणते, ही तपासणी) झालेलं असावं. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. ‘उद्याच करून टाका’ म्हणून घाई केली आणि जंतू राहिले, तर त्याचा हिशोब आयसीयूत होतो.

पैसे

छापील दर सांगण्यात अर्थ नाही, पण क्रम लक्षात ठेवा: वाकणारी दुर्बीण नाजूक आणि महाग, त्यामुळे आरआयआरएसचं बिल सहसा युआरएसहून बरंच वर जातं. नाशिकमध्ये मुंबई नाका असो की गंगापूर रोड, पॅकेज विचारताना लेझर, स्टेंट, स्टेंट काढणं आणि लागलीच तर दुसरी बैठक त्यात धरली आहे का, हे लेखी घ्या. लिथोट्रिप्सी एका बैठकीला स्वस्त वाटते, तीन बैठकांचा दर जोडून बघा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रियांची पॅकेजेस आहेत. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा, किंवा १५५३८८ वर विचारा. शस्त्रक्रियेआधी मंजुरी घ्यायची असते, नंतर नाही. शालिमारजवळचं विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय हा सरकारी पर्यायही तपासून पाहा.

खडा कसाही निघो, त्याचा तुकडा कोरड्या डबीत ठेवून पृथक्करणाला द्या. युरिक अॅसिडचा निघाला तर पुढचा खडा गोळ्यांवरच रोखता येतो. संसर्गाचा निघाला तर एक कणही मागे ठेवून चालत नाही. कॅल्शियम ऑक्झलेटचा असेल तर मीठ, फरसाण, लोणचं आवरा, पालक कमी करा, दूध-दही मात्र बंद करू नका. आहारातलं कॅल्शियम कमी झालं की उलट ऑक्झलेट जास्त शोषलं जातं. टोमॅटो-वांग्याच्या बियांचा यात काही दोष नाही. दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी हवं. एप्रिल-मेच्या उन्हात शेतात किंवा सातपूर-अंबडच्या भट्टीजवळ काम करणाऱ्याला त्यासाठी साडेतीन-चार लिटर प्यावं लागतं.